बिनउंबराच्या ढोल्या

एका जंगलात सगळ्यांचं भलं करायचं ठरलं. म्हणून तिथं आधी एक विद्यापीठ काढलं.

मुलांनो, भलं करायला विद्यापीठ कशाला, असं तुम्ही विचाराल. तुम्ही लहान आहात. भलं नुसतं करून चालत नाही. ते झालं की नाही हे मोजावं लागतं. मोजणाऱ्याला शिकवावं लागतं. शिकवणाऱ्याला नेमावं लागतं. नेमायला समिती लागते आणि समितीला चहा लागतो. एवढं सगळं आटोपल्यावर भलं करायला थोडा वेळ उरतो, पण तोवर सुट्टी लागलेली असते.

या विद्यापीठात ‘समाजकार्य आणि धोरण’ नावाचा विभाग होता. तो एका मोठ्या वडाखाली भरायचा. साळिंदर मॅडम विभागप्रमुख होत्या. बाई विद्वान. अंगावर जितके काटे तितके शोधनिबंध, असं त्यांच्याविषयी म्हणत. खूश असल्या की काटे मिटलेले असत, रागावल्या की उभे राहत. त्यामुळे विभागातले सगळे त्यांच्याशी जरा लांबूनच बोलत.

याच विभागात वामन धनेश शिकवत असे.

धनेश तुम्ही पाहिला असेल. मोठा पक्षी, त्याच्या मानानेही मोठी चोच, आणि उडताना पंखांचा असा आवाज, की कोणी वर सतरंजी झटकतंय असं वाटावं. वामन तासिका तत्त्वावर होता. म्हणजे तास घेतला तर एक उंबर, नाही घेतला तर नाही. पक्क्या नोकरीवाल्यांना सगळे ‘सर’ म्हणत. वामनला नुसतं ‘धनेश’ म्हणत. त्याच्या हाताखालून गेलेली पिल्लं दुसऱ्या जंगलांत सर होऊन बसली होती. वामन मात्र दर वर्षी नवा अर्ज करून जुन्याच फांदीवर बसायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या हंगामात वामनची बायको शालन गेली.

धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं गळतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. ती, अंडी, पुढे पिल्लं, सगळी त्या फटीच्या भरवशावर. नर रोज घशात उंबरं भरून आणतो आणि एकेक करून फटीतून आत सारतो. आतून चोच येते आणि उंबर घेते. एवढाच त्यांचा संसार.

गेल्या हंगामात एका सकाळी वामनने उंबर आत सारलं आणि आतून चोच आली नाही.

त्याने दुसरं सारलं.

मग तो तिथे बराच वेळ बसला. विभागाने दुखवट्याचा ठराव पाठवला. ठरावाची भाषा चांगली होती.

त्यानंतरही सकाळ झाली की वामन उंबराच्या झाडावर जायचा आणि घसा भरून घ्यायचा. निम्म्या वाटेवर त्याला आठवायचं. मग तो तसाच वर्गात यायचा, आणि दुपारी कुठेतरी उंबरं टाकून द्यायचा. सवयीला बातमी उशिरा कळते.

यंदाच्या हंगामात ढोल्या लिंपून झाल्या आणि मोठं वादळ झालं. उंबरं आणायला गेलेले बरेच नर परतले नाहीत. वामनचा जुना मित्र नागेश त्यातच गेला. त्याची बायको गोदा ढोलीत होती. अशा कितीतरी माद्या फटीला चोच लावून वाट बघत राहिल्या.

वाघमहाराजांना फार वाईट वाटलं. राजाला वाईट वाटलं की योजना निघते. तशी ‘उंबर योजना’ निघाली. सरकारी कोठारातली उंबरं कावळ्यांनी रोज ढोल्यांवर पोचवायची.

खजिनदार लांडगा म्हणाला, “महाराज, याने उपयोग होतो याला पुरावा काय?”

महाराज म्हणाले, “भुकेल्याला खायला दिलं की भूक जाते, याला पुरावा लागतो?”

“पुराव्याशिवाय द्यायला आपण काय त्यांची आई आहोत, महाराज?”

दरबाराला हा मुद्दा पटला. काम विद्यापीठाकडे आलं.

साळिंदर मॅडमनी बैठक बोलावली. “अर्ध्या ढोल्यांना उंबरं मिळतील,” त्या म्हणाल्या, “अर्ध्यांना मिळणार नाहीत. हंगामाच्या शेवटी दोन्हींची तुलना करायची. फरक दिसला तर योजना राहील. नाही दिसला तर बंद होईल.”

विभागाचा कारकून शेकरू होता. तो फांदीवरून म्हणाला, “मॅडम, ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी काय खायचं?”

“त्यांचं योगदान फार मोठं आहे.”

“ते आहेच. पण खायचं काय?”

“शेकरू, तुम्ही इतिवृत्त लिहा.”

कोणाला द्यायचं नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या डोळे मिटून उचलल्या, म्हणून ते शास्त्रीय होतं. गोदाची ढोली बिनउंबराच्या गटात गेली.

बैठक संपल्यावर मॅडमनी वामनला थांबवून घेतलं. काटे मिटलेले होते.

“धनेश, आपल्याकडे एक पक्की जागा निघतेय. तुम्ही शिकवता बरं, पण तुमचं संशोधन कुठं आहे? बिनउंबराच्या ढोल्यांचं क्षेत्रकाम तुम्ही करा. रोज जायचं, फटीपाशी बसायचं, प्रश्न विचारायचे. निबंधावर माझ्या नावाखाली तुमचं नाव टाकू. मग जागा तुमचीच समजा. नाहीतर घोरपडीचा अर्ज आलेलाच आहे.”

घोरपडीचा अर्ज भक्कम होता. ‘ढोल्यांमधील अंडी व पिल्ले यांचे पोषणमूल्य’ या विषयावर तिचा प्रबंध होता. सगळं संशोधन तिने स्वतः, प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलं होतं.

“आणि एक लक्षात ठेवा,” मॅडम म्हणाल्या. “उत्तर देणाऱ्याला काही द्यायचं नाही. काहीसुद्धा. दिलं की उत्तरं बिघडतात.”

वामन हो म्हणाला. त्याला ती जागा हवी होती. शालन दर हंगामात फटीतून विचारायची, “यंदा तरी पक्कं होणार का हो?” आणि तो दर हंगामात म्हणायचा, “होईल.” आता विचारणारी नव्हती. पण द्यायचं उत्तर राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोदाच्या ढोलीपाशी गेला.

“कोण आहे?”

“मी वामन, वहिनी.”

“या भावजी.” फटीतून चोचीचं टोक तेवढं दिसलं. ते कोरडं पडलं होतं. “कसं येणं केलंत?”

“विद्यापीठातून आलोय. काही प्रश्न विचारायचेत.”

“विचारा. तेवढंच कोणीतरी बोलायला.”

“आज भूक किती आहे? एक म्हणजे मुळीच नाही. पाच म्हणजे फार.”

“पाचाच्या पुढं काही ठेवलंय का?”

“नाही.”

“मग पाच लिहा. अन् पुढे थोडी जागा सोडा. उद्या लागेल.”

आतून बारीक किचकिच ऐकू आली. “ही पोरगी,” गोदा म्हणाली. “विचारतेय, मास्तरांनी आणलेले प्रश्न खातात का.”

वामनने पुढचा प्रश्न वाचला. “आपल्या परिस्थितीवर आपलं नियंत्रण आहे, असं आपल्याला कितपत वाटतं?”

फटीतलं चोचीचं टोक आत गेलं.

“हा प्रश्न कोणी काढला, भावजी?”

“समितीने.”

“समिती कुठल्या ढोलीत असते?”

वामन पुढचा प्रश्न शोधू लागला.

“आणि तुमच्या आवाजाला काय झालंय? सर्दी का?”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. सकाळी सवयीने भरलेला घसा तसाच होता. नियम त्याला पाठ होता. जागेचंही तो विसरला नव्हता. पण समोर फट होती आणि तिच्यापुढे बसायची ती पद्धत त्याच्या पायांच्या ओळखीची होती. त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही. मान पुढे झाली, एक उंबर चोचीच्या टोकाशी आलं, आणि त्याने ते आत सारलं.

आतून चोच आली.

वामन जागचा हलला नाही. मग त्याने दुसरं सारलं. तेही गेलं.

“हा कितवा प्रश्न?” गोदाने खाताखाता विचारलं.

“हा प्रश्नावलीत नाही,” वामन म्हणाला.

एका ढोलीला देऊन दुसरीपाशी रिकाम्या घशाने जाणं जमेना. हळूहळू बिनउंबराच्या सगळ्याच ढोल्यांचं वामनने अंगावर घेतलं. उजाडायच्या आत निघायचा, झाडावरून ढोलीवर, ढोलीवरून झाडावर. एकीकडे उंबर सारायचा, एकीकडे प्रश्न विचारायचा. भूक किती? पाच. भूक किती? चार. पुढे पुढे तर, “आज दोन लिहा भावजी, काल जरा जास्तच झालं.” तो प्रामाणिकपणे लिहून घ्यायचा. उत्तरं खरी होती. नियमाप्रमाणे ती बिघडली होती, एवढंच.

शेकरूच्या हे लक्षात आलं. शेकरूच्या सगळंच लक्षात येतं.

“वामनराव, रोज सकाळी जाताना गळा फुगलेला, येताना सपाट. गालगुंड झालंय की काय?”

“व्यायाम करतो.”

“करा, करा. मी कशाला कोणाला सांगू? बघायचं सगळं आणि नोंदवायचं सांगितलं तेवढंच, हा कारकुनाचा धर्म आहे.” तो शेपटी झटकून निघाला आणि पुन्हा वळला. “पलीकडच्या ओढ्यावरचं झाड पिकलंय बरं का. व्यायामाला बरं पडेल. मी चाखून पाहिलंय.”

इकडे योजनेतल्या ढोल्यांवर कावळे जात होते. त्या जंगलात वाटणाऱ्याने आधी चव घ्यायची जुनी पद्धत होती. कावळे अंमळ जास्त चवीने चव घेत. ढोलीपर्यंत पोचायची ती देठं आणि पावती. तरी अधूनमधून एखादं उंबर चुकून पोचायचं, आणि त्यावर त्या माद्या कशातरी तग धरून होत्या.

हंगाम संपला. ढोल्या फुटल्या. माद्या पिल्लांना घेऊन बाहेर आल्या. साळिंदर मॅडम स्वतः तुलना करायला आल्या.

योजनेतली पिल्लं किडकिडीत होती. बिनउंबराच्या ढोल्यांतली गुटगुटीत.

मॅडमनी पुन्हा पाहिलं. मग त्यांचे काटे असे मिटले, की क्षणभर त्या सशासारख्या दिसल्या.

“धनेश! उलटा निष्कर्ष! मदत नसली की मादी स्वावलंबी होते. मदत दिली की खंगते. सरळ निष्कर्ष इथल्या इथे छापतात हो. उलटा निष्कर्ष नदीपलीकडे छापतात!”

वामनला काय होणार ते दिसलं. योजना बंद होणार. पुढच्या हंगामात वादळ येणार, न आलं तर ससाणा येणार. काही नर दर वर्षीच परतत नाहीत. मग कोठारातलं ते चुकून पोचणारं उंबरही नसणार. आता सांगितलं तर जागा जाणार होती. न सांगितलं तर ढोल्या.

“मॅडम, त्यांना मी उंबरं दिली.”

सगळे काटे एकदम उभे राहिले. शेजारचे चार पावलं मागे सरले.

“किती ढोल्यांना?”

“सगळ्या.”

“रोज?”

“रोज.”

मॅडम विचारात पडल्या. वामनने मनातल्या मनात पक्क्या जागेचा निरोप घेतला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

“त्यात सरकारी कोठारातलं एक तरी उंबर होतं?”

“नाही. झाडावरची होती. मी वेचलेली.”

“म्हणजे सरकारच्या एकाही उंबराशिवाय त्या जगल्या?”

“हो, पण—”

“मग निष्कर्ष बरोबरच आहे!” काटे खाली बसले. “घाबरवलंत की हो मला. त्याचं काय आहे, त्याला म्हणतात समाजातील अनौपचारिक आधार. आपण तळटीप टाकू.”

“मॅडम, तो आधार म्हणजे मी एकटा आहे.”

“समाज एकट्यापासूनच सुरू होतो, धनेश. हे तुम्हीच पहिल्या वर्षाला शिकवता ना?”

शिकवायचा खरा.

तळटीप टाकली. अक्षर इतकं बारीक होतं, की ती फक्त मुंग्यांना वाचता आली असती. मुंग्या कामात होत्या.

मग मुलाखत झाली. बाहेरचे तज्ज्ञ म्हणून नदीपलीकडच्या जंगलातून सल्लागार बगळा आला होता. पांढराशुभ्र, एका पायावर उभा, डोळे अर्धवट मिटलेले. आधी घोरपड आत जाऊन आली. समितीने तिला बसायला सांगितलं तेव्हा तिने खुर्ची अशी धरली, की सोडवायला दोघे लागले. मग वामनचं नाव पुकारलं.

“तुमच्या संशोधनाचं मर्म एका वाक्यात सांगा,” बगळा म्हणाला.

वामनने तयारी केली होती. “योजना बंद करू नका. ढोल्या जगल्या त्या मी खाऊ घातलं म्हणून.”

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला. तो असं क्वचितच करतो.

“म्हणजे संशोधक स्वतःच क्षेत्राचा भाग होऊन गेला! केवढी ही एकरूपता! आणि केवढा विनय! नियम मोडल्याचा आळ स्वतःवर घेतला, पण ढोल्यांना बोल लागू दिला नाही!”

“हा विनय नाही, साहेब. उंबरं आहेत.”

“पाहिलंत?” बगळा समितीकडे वळला. “अजूनही आकडेवारीच्या भाषेत बोलत नाहीत. मातीतला माणूस.”

वामन धनेशची निवड झाली. पद होतं, स्वावलंबन विषयाचा सहायक प्राध्यापक. त्याच दुपारी उंबर योजना बंद झाल्याची दवंडी पिटली. दोन्ही आनंदाच्या बातम्या म्हणून एकाच ढोलावर दिल्या.

“मी नाही म्हणून कळवतो,” वामन शेकरूला म्हणाला. “हे पद घेणं बरं दिसत नाही.”

शेकरू फळ सोलत होता. “कळवा की. मग जागा घोरपडीला जाईल.”

“जाऊ दे.”

“अन् ढोल्यांचं क्षेत्रकाम कोणाकडे जाईल?” शेकरूने साल खाली टाकली. “रोज जायचं, फटीपाशी बसायचं. तिला आवडेल ते काम. जीभ लांब आहे तिची.”

वामनने पद घेतलं.

त्या दिवसापासून सगळे त्याला ‘सर’ म्हणू लागले. नव्या हंगामात तो उंबराच्या झाडावर गेला तेव्हा पगाराची उंबरं आणि वेचलेली उंबरं मिळून ती सगळ्याच अनाथ ढोल्यांना पुरवायची होती. आता बिनउंबराचा गट असा वेगळा राहिला नव्हता. सगळंच जंगल बिनउंबराचं झालं होतं.

गोदा पोरीला घेऊन भेटायला आली. तिची नवी पिसं छान आली होती.

“प्राध्यापक झालात म्हणे, भावजी. कशाचे?”

“स्वावलंबनाचे.”

“कोणाच्या?”

“तुमच्या.”

“अगं बाई!” गोदा म्हणाली. “बरं झालं सांगितलंत. मला पत्ताच नव्हता.”

वामनला हसू आलं. शालन गेल्यावर पहिल्यांदाच आलं असावं, कारण शेकरूने फांदीवरून वाकून पाहिलं.

“हसताय काय,” गोदा म्हणाली. “आरशासारखं पाणी आहे ओढ्याला, एकदा बघा स्वतःला. नुसती चोच उरलीय. कोणत्या ढोल्या तुमच्या अन् कोणत्या आमच्या, ते सांगा. पोरगीही येईल. तिला झाडं कळतात.”

तेव्हापासून तिघं जाऊ लागली. सकाळच्या फेऱ्या आटोपून वामन तसाच वर्गावर यायचा. कधीकधी घशात दुपारची उंबरं असायची. मग ‘मदत का देऊ नये’ या विषयावर बोलताना त्याचा आवाज जड व्हायचा, शब्द अडकायचे, मध्येच तो गिळायचा. विद्यार्थी एकमेकांना म्हणत, सर फार तळमळीने शिकवतात.

त्या हंगामातही ढोल्या जगल्या. मदत नसताना सलग दुसऱ्यांदा जगल्या, म्हणजे आता शंकाच उरली नाही. साळिंदर मॅडमच्या अंगावर एक नवा काटा आला. मोठा होता, पांढऱ्या टोकाचा. नदीपलीकडच्या जंगलाने तर हे धोरण आपल्याकडे कधीच लागू केलं होतं. तिथं चिठ्ठ्याही टाकल्या नव्हत्या. सगळ्या ढोल्या एकदम स्वावलंबी केल्या होत्या.

हंगाम सरत आला आणि वामनचा सत्कार ठरला. वडाखाली सगळं जंगल जमलं. शाल दिली, नारळ दिला. गोदा आणि पोरगी मागच्या फांदीवर बसल्या होत्या. सल्लागार बगळा नदीपलीकडचा अहवाल घेऊन आला होता.

“आम्ही प्रत्येक फटीपाशी जाऊन प्रश्न विचारले,” त्याने वाचलं. “उत्तर देणाऱ्या शंभर टक्के ढोल्यांनी आपण समाधानी असल्याचं सांगितलं.”

टाळ्या झाल्या. साळिंदर मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या शेजारी बसलेल्यांच्या जिवावर बेतलं असतं. पण मान डोलावली.

“उत्तर न देणाऱ्या किती?” वामनने विचारलं.

सत्कारमूर्तीने प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. बगळ्याने पान उलटलं. “त्या नमुन्यातून वगळल्या. प्रतिसाद नव्हता.”

“प्रतिसाद नव्हता म्हणजे काय झालं?”

“म्हणजे प्रश्न विचारला आणि आतून चोच आली नाही.”

पुन्हा टाळ्या झाल्या, कारण वाचन संपलं असं मागच्यांना वाटलं.

वामनने खांद्यावरची शाल काढली. तिची नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. नारळ तिच्यावर ठेवला. मग तो उडाला. सतरंजी झटकल्यासारखा तो आवाज वडावरून गेला आणि साळिंदर मॅडम वर पाहून म्हणाल्या, “सर भारावलेत.”

ओढ्यावरच्या उंबरावर तो घसा भरत होता तेव्हा गोदा येऊन शेजारी बसली.

“उशीर झालाय, भावजी.”

“हो.”

“तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे, वहिनी.”

“इथल्या ढोल्या फुटायला दोनच दिवस राहिलेत, ते पोरगी बघेल,” ती म्हणाली. “तिकडे फटी कुठे कुठे आहेत, ते आधी शोधावं लागेल. चला.” आणि तिनेही घसा भरून घेतला.

ती दोघं नदीपलीकडे गेली. वामनने पहिल्या फटीत उंबर सारलं आणि वाट पाहिली. मग दुसऱ्या झाडावर गेला. गोदा खालच्या अंगाच्या झाडांवरून फिरत होती. दोघं एकमेकांना काही विचारत नव्हती. प्रत्येक ढोलीपाशी वामन दुसरं उंबर सारायचा, ते त्याचं नेहमीचंच होतं, आणि थोडा वेळ बसून मग उठायचा.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती एका वाळक्या बेहड्याच्या झाडापाशी आली. अहवालात ही ढोली वगळलेली होती. वामनने उंबर सारलं. काही झालं नाही. त्याने दुसरं सारलं.

ते फटीत अडकल्यासारखं झालं. मग थरथरलं. मग आत गेलं.

चोच लहान होती. आईची नव्हती.

“भावजी,” गोदा म्हणाली, “थांबू नका. द्या.”

त्याने दिलं. घसा रिकामा झाला तेव्हा तिने आपलं दिलं.

मुलांनो, ही बातमी शेकरूने नियमाप्रमाणे नदीपलीकडच्या कार्यालयाला कळवली. एक ढोली प्रतिसाद देते आहे, अहवालात दुरुस्ती व्हावी. तिकडून उत्तर आलं. सदर ढोलीचा प्रतिसाद मुदतीनंतर प्राप्त झाल्याने विचारात घेता येत नाही.

वामन परत आला नाही. बेहड्यावरचं पिल्लू उडेपर्यंत थांबतो, असं त्याने परतणाऱ्या गोदाला सांगितलं, आणि मग पुढचा हंगाम आला. विनापरवानगी गैरहजर म्हणून त्याची जागा रिकामी झाली. जाहिरात निघाली आहे. घोरपडीने पुन्हा अर्ज केला आहे आणि यावेळी तिचीच निवड होईल, असं शेकरू म्हणतो. गोदाची पोरगी रोज ढोल्यांपाशी बसलेली असते. चोच आईसारखीच भक्कम झाली आहे. तिने कशासाठीही अर्ज केलेला नाही.

तात्पर्य: उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं वडीलधारे सांगतात. मुलांनो, तुम्ही त्याची काळजी करू नका. डावा हात अहवाल लिहीत असतो. त्याला सांगितलं तरी कळत नाही.